डावीकडची जाळी

साताऱ्याहून परत येताना पेठ नाक्याच्या वळणावर सासूबाई मागच्या सीटवरून जे बोलल्या, ते अगदी सहज बोलल्या. मनात काही ठेवून बोलायची दगदग बनुबाईंना सोसतच नाही. वीरधवलनं हायवे सोडून गाडी सांगलीच्या रस्त्याला घेतली, सरळ केली आणि नेहमीसारखा डावा हात पुढं करून मधल्या दोन जाळ्यांपैकी संयोगिताच्या बाजूची एसीची जाळी बंद केली. जाळीखालचं बारकं चाक अंगठ्यानं खाली ओढायचं, टक् असा आवाज यायचा आणि वारं थांबायचं. नजर सगळा वेळ रस्त्यावर. बनुबाई म्हणाल्या, “ती जाळी राजेश्वरी असल्यापासनं बंदच असतीया बघ.” आणि त्याच दमात वांगी आष्ट्यात घ्यायची का सांगलीत, हेही विचारून घेतलं. झालं. वीरधवल वांग्यांवर बोलायला लागला. संयोगिताला मात्र जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. राजेश्वरी म्हणजे वीरधवलची पहिली बायको. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेली. संयोगिता त्यानंतरची, दुसरेपणावर दिलेली.

आता कुणी हसेलही. एसीची जाळी ती काय, आणि तिच्यावरून एवढं काय! पण संयोगिताला विचारा. माण तालुक्यातली पोर, दहिवडीच्या अलीकडचं गाव, बाप मुंबईत हमालीला, आई अंथरुणाला खिळलेली. आईचं करता करता हिचं लग्नाचं वय निघून गेलं; पिको-फॉलच्या मशीनवर बसून हिनं गावातल्या सगळ्या पोरींच्या साड्या नीट करून दिल्या आणि त्यांच्या वरातीही बघितल्या. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, मशीनचं चाक हाताला चटका द्यायचं. तिच्या अंगावरचं ऊन कुणी कधी अडवलं नव्हतं, वारं अडवणं तर लांबच. आणि लग्नानंतर पहिल्यांदा ह्या गाडीत बसली तेव्हा शेजारच्या ह्या अनोळखी माणसानं, एक अक्षर न बोलता, हात लांब करून तिच्या तोंडावर येणारा गार झोत बंद केला. तिला काय वाटलं असेल! खरं तर तिला तो झोत हवा होता. माणातल्या माणसाला गार वाऱ्याचा कंटाळा कसा येईल? पण तिनं तोंड उघडलं नाही. पाठीला घाम, कपाळाला घाम, आणि ही आपली मांडीवर हात ठेवून सुखात बसलेली. दोन वर्षं अशीच बसली. बरं, तेवढ्यावरही भागलं नाही. सकाळी गाडी पुसताना ती जाळी हळूच उघडून ठेवायची, वाटेत चहाला थांबलं तर सगळ्यांच्या आधी आत बसून उघडायची. कशाला? तर त्यानं ती पुन्हा बंद करावी म्हणून. घरात राजेश्वरीची भांडी होती, राजेश्वरीनं निवडलेले पडदे होते, राजेश्वरीच्या माहेरचं कपाट होतं. नवरासुद्धा आधी तिचाच. जाळी तेवढी आपली, असं संयोगिता धरून चालली होती. आणि ती पण तिचीच निघाली.

घरी आल्यावर तिनं वांग्यांचं भरीत केलं, ते खारट झालं, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून तिला आणखीच राग आला. विश्रामबागेतल्या त्या बैठ्या घरात ती रागानं इकडून तिकडं फिरली की गळ्यातला बारीक टाक मंगळसूत्राच्या वाट्यांवर वाजायचा. तो टाक राजेश्वरीच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो, म्हणजे ती त्रास देत नाही, असं म्हणून बनुबाईंनी लग्नाच्या दिवशीच तो ओवून दिला होता. त्रास देत नाही म्हणे! आंघोळीला गळ्यात, झोपताना गळ्यात, नवऱ्याजवळ जातानासुद्धा आधी ती गळ्यात. संयोगितानं त्याचंही कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं ती स्वतःला समजावायची आणि ते तिला पटायचंही. आता पटेना. त्या जाळीसमोर राजेश्वरी कशी बसत असेल ते तिला सारखं दिसायला लागलं. पदर खांद्यावर घेतलेली, गोरी, बँकेत नोकरी करणारी, नाजूक प्रकृतीची. आणि हा तिच्याकडं न बघता तिच्यासाठी हात लांब करतोय. सीटलासुद्धा बसून बसून एक खळगा पडला होता. संयोगिता बसली की त्या खळग्यात जायची. आजवर तिला तो जाणवलाच नव्हता. आता त्याच्यावर बसायचं म्हटलं की ती अंग चोरायची, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटायचं. राजेश्वरीला थंडी सोसत नसणार. आपण मात्र तिची थंडी दोन वर्षं घामानं भरली, ह्या विचारानं तिला एकटीलाच हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं.

गाडीत आतून क्रीम रंगाचं प्लास्टिक आणि त्यावर खोट्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. रंग राजेश्वरीनं पसंत केलेला, हे बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पट्ट्यांचे कोपरे उन्हानं सुटले होते, त्यात धूळ बसून काळ्या रेघा उठल्या होत्या. संयोगितानं मोबाइलवर बघितलं, की वर चिकटवायचा व्हायनिलचा कागद मिळतो, ड्रायरनं ऊब दिली की तो रबरासारखा ताणतो आणि घरच्या घरी गाडी आतून नवी करता येते. एक बाई तर ते करताना गाणं म्हणत होती. संयोगितानं रोल मागवला. काळा मागवला. वीरधवल कुपवाडच्या कारखान्यात मोटरसायकलवर जायचा, गाडी दिवसभर पोर्चमध्ये उभीच असायची. रोल आला त्या दिवशी पितृपंधरवडा सुरू झालेला. बनुबाई पोर्चच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पितरपाठात नवं काय करत्यात व्हय गं? आन त्ये बी काळं!”

“नवं कुठं करतेय, आई. जुन्यावरच चिकटवतेय.”

“वीरूला इचारलंस का?”

“त्यांना काय विचारायचं? त्यांनी मला कुठं काय सांगितलंय?” हे जरा जोरातच गेलं. बनुबाई गुडघ्यावर हात टेकून आत निघून गेल्या.

हाताला काम लागलं आणि तिला बरं वाटलं. डोशाचा लाकडी कालथा फटीत घालून तिनं पट्ट्या हळूहळू उचकटल्या. एकेक खुंटी सुटताना कडक् करायची आणि दर वेळी तिला ती तुटलीच वाटायची. पण तुटलं काही नाही. जाळ्यांभोवतीच्या चौकटी काढल्या, सुटे भाग घमेल्यात साबणाच्या पाण्यात घातले, जे निघण्यासारखं नव्हतं ते जागेवरच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. तेलाचा एक थेंब राहिला तरी तिथं कागद धरत नाही, असं ती गाणारी बाई म्हणाली होती. मग कागद अंदाजानं मोठा कापायचा, ऊब द्यायची, मधून कडेला दाबत न्यायचं. दाबायला तिनं बाद झालेलं एटीएम कार्ड घेतलं, त्याला जुन्या पोलक्याचा तुकडा गुंडाळला. कोपऱ्यावर चुणी पडली की पुन्हा उचलायचं, पुन्हा ऊब द्यायची, ताणायचं. ब्लाउजच्या बाहीची गोलाई बसवणाऱ्या बाईला हे काय जड! डावीकडची बाजू तिनं आधी घेतली, आणि अशा ईर्ष्येनं घेतली की दुपारचा चहासुद्धा राहिला. कप्प्याचं झाकण, त्याच्या वरची लांब पट्टी, दाराचा हात ठेवायचा भाग. इथं तिचं कोपर टेकत असेल, दाब. इथं तिची बोटं, दाब. क्रीम रंगावर नखाचे बारीक ओरखडे होते, एका जागी कुणीतरी बोटानं सतत घासून चकाकी आणलेली होती. सगळं काळ्याखाली गेलं. वाकली की टाक प्लास्टिकवर टक् टक् वाजायचा, तेव्हा तिनं तो पाठीवर टाकला. शेवटी जाळीची चौकट. बोटाएवढ्या पट्ट्या कापून, नखानं कडा आत खोचून तिनं ती अशी बसवली, की कंपनीतून तशीच आली म्हणावं. आता कर म्हणावं बंद. आता तुझ्या हाताला तरी कळेल, की इथं कुणी दुसरी बसलीय.

संध्याकाळी वीरधवल आला, गाडीत डोकावला. “अरे वा,” म्हणाला. पट्टीवरून तळहात फिरवला. “तू केलंस? एकटीनं?” संयोगिता त्याचा चेहरा बघत उभी होती. दुखतंय का कुठं? काही आठवतंय का? काही दिसलं नाही. हा माणूस दाखवतच नाही काही, आणि तीच तर पंचाईत! भाजी आणायला म्हणून दोघं निघाले. कोपऱ्यावर वळताच डावा हात पुढं आला, नव्या काळ्या चौकटीत अंगठ्यानं चाक शोधलं आणि टक्. क्षणभर तिला वाटलं, तो हात धरावा आणि चावावा. खरंच चावावा.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू घेतली. तिथं तिचा हात अडला. स्टिअरिंगच्या पलीकडं दाराजवळच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. गाडी घरी आली त्या दिवशीच्या पूजेचं, राजेश्वरीच्या हातचं. तेलात कालवलेलं कुंकू, एवढ्या वर्षांत फिकं होऊन चिंचेच्या रंगावर गेलेलं, पण हात लावला की अजून तुपकट लागायचं. राजेश्वरीनं ते चालवणाऱ्याच्या बाजूला काढलं होतं. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून काढलं असणार, असं संयोगिताला वाटलं, आणि तेही तिला टोचलंच. पुसायला पाहिजे होतं. स्पिरिटचा बोळा तिच्या हातात होता आणि मनात राग तर कालपासून मावत नव्हता. पण कुंकू पुसायचं? नवरा जिवंत असताना, भरल्या कपाळानं गेलेल्या बाईचं? ते पुसायचं म्हणजे काय करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आपला नवराही तोच आहे, हे मागाहून ध्यानात आलं तेव्हा तर तिनं बोळाच टाकून दिला. मग तिनं स्वस्तिकाच्या कडेकडेनं पुसलं, मधल्या तेलाला हात न लावता वरून कागद ताणला आणि कार्डानं हलकेच दाबून घेतलं. छान बसला. काही दिसेना. काम संपलं आणि तिला वाटलं होतं तेवढं बरं मात्र वाटलं नाही.

नवमीला घरात सकाळपासून पुरणाचा वास. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं पान ह्या नवमीला घालतात; तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, साडी द्यायची. राजेश्वरीच्या नावानं तिची उंब्रजची चुलती अंबूबाई यायची. ठणठणीत बाई, एसटीनं एकटी आली, पाय धुऊन पाटावर बसली आणि भरपूर जेवली. वाढायला संयोगिताच. सवतीच्या नावाची पोळी, सवतीच्या नावाचं तूप, “आणखी घ्या ना” म्हणायचं तेही सवतीलाच. साडी संयोगितानंच आणली होती आणि हट्टानं स्वतःला परवडली नसती अशी आणली होती. उगीच कुणी कमी केलं म्हणायला नको. अंबूबाईंनी तिला कुंकू लावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “तू बी आमची राजीच बघ.” संयोगिता खाली वाकून पाया पडली. तोंड लपवायला तेवढंच बरं.

वीरधवलनं दुपारनंतर सुट्टी घेतली होती. अंबूबाईंना गाडीनं उंब्रजला सोडायचं ठरलं. दोघी म्हाताऱ्या मागं बसल्या, संयोगिता पुढं. भाद्रपदाचं ऊन, काचा तापलेल्या. आष्टा गेलं तशा अंबूबाई पुढं वाकल्या. “ह्ये काय केलंसा गाडीला? काळीभोर दिसतीया की.”

“सूनबाईनं केलंया,” बनुबाई म्हणाल्या. सुरात तक्रार होती, पण जराशी ऐटही होती.

“झ्याक हाय. मला वळखूच आली न्हाई.” मग अंबूबाई हसल्या. “आन जावईबापू, तुमी कवापासनं चालवाय लागला वो? आमच्या राजीच्या वक्ताला तर तुमी त्या अंगाला बसायचा, पावण्यावानी.”

“ती गेल्यावर शिकलो, काकी,” वीरधवल म्हणाला.

“तर काय! मोटर राजीचीच. एका हातानं चाक धरायची आन दुसऱ्या हातानं ह्येंची ती जाळी बंद करायची. गार वारं लागलं की जावईबापूंच्या शिंका सुरू! मी मागनं बघायची आन हसायची. म्हनायची, आगं राजी, न्हवरा हाय का बाळ हाय?”

“व्हय की,” बनुबाई म्हणाल्या, “लहानपणापासनं सर्दीचंच पोर त्ये.”

बाहेर उसाचे फड पळत होते. संयोगिता समोर बघत राहिली. दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय, असं तिला आधी वाटलं. मग एकेक गोष्ट तिच्या मनात जागा बदलायला लागली. राजेश्वरी इथं बसतच नव्हती. ती पलीकडं होती, चाकावर. स्वस्तिक तिनं स्वतःसमोर काढलं होतं. आणि इथं, ह्या सीटवर, हा बसायचा, वीरधवल. म्हणजे ते ओरखडे ह्याच्या नखांचे. ती घासून चकाकलेली जागा ह्याच्या बोटाची. ज्या खळग्यात बसताना ती अंग चोरत होती, तो खळगा तिच्या नवऱ्याचाच! एवढ्या ईर्ष्येनं तिनं दिवसभर खपून झाकलं काय, तर आपलाच नवरा. आणि राजेश्वरीचं जेवढं होतं तेवढं न पुसता, जपून, कागदाखाली ठेवलं. तिला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ही जाळी त्यानं राजेश्वरीसाठी कधीच बंद केली नव्हती; तिच्यासाठीच केली होती. पण मत्सर एवढ्यावर सोडतो होय? राजेश्वरीनं त्याची काळजी घेतली, ती कशी घ्यायची हे त्याला कळलं, आणि तीच त्यानं जशीच्या तशी उचलून हिला दिली. त्यानं स्वतः काय दिलं मग? हा हात लांब करतो तेव्हा तो हात कुणाचा असतो? विचार करून करून तिचं डोकं दुखायला लागलं.

उंब्रजला अंबूबाईंनी चहा पाजला, हिरव्या मिरच्या बांधून दिल्या. परतताना बनुबाई मागं आडव्या झाल्या आणि कराड यायच्या आत घोरायलाही लागल्या. ऊन आता वीरधवलच्या बाजूनं येत होतं. दाराजवळची पट्टी तापली आणि संयोगितानं बघितलं, काळा कागद तिथं फुगलाय. बरोबर तिथंच. पुरी टम्म व्हावी तसा वर आलाय. वीरधवललाही तो दिसला. त्यानं अंगठ्यानं दाबला, तो दबला आणि पुन्हा वर आला.

“इथं हवा राहिली वाटतं.”

“राहू द्या,” संयोगिता म्हणाली. बांगडीत सेफ्टी पिन होती, टोचली असती तर बसलाही असता. ती हात मांडीवर ठेवून बसली.

थोड्या वेळानं त्याचा डावा हात पुढं आला. अंगठा चाकावर. टक्.

“उघडा ती,” ती म्हणाली.

“काय?”

“जाळी. मला वारं आवडतं. गार.”

त्यानं तिच्याकडं बघितलं. गाडी चालवताना त्यानं कधी तिच्याकडं बघितलेलं तिला आठवत नव्हतं. “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरी कधी विचारलंत? दोन वर्षं घामात बसवलंत मला.”

एक ट्रक मागं पडला, दुसरा मागं पडला. “मला वाटलं, शेजारी बसलेल्या माणसाला वारं लागतं,” तो म्हणाला. “मला तेवढंच ठाऊक होतं.”

तिनं स्वतःच चाक वर ढकललं. झोत तोंडावर आला, मानेवर आला, घाम सुकताना अंग शहारलं. दोन वर्षांचं वारं एकदम आल्यासारखं तिनं ते डोळे मिटून अंगावर घेतलं. बटा उडाल्या. बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि तेवढ्यात शेजारी शिंक आली, गाडीत त्याला नेहमी यायची तशी; आजवर तिला त्या धुळीच्या वाटायच्या. मग दुसरी. तो नाक पुसत चालवत राहिला. उजवीकडची मधली जाळी त्याच्या तोंडावर सोडलेली होती आणि ती बंद करावी हे त्याला सुचतही नव्हतं. आपली जाळी आपण बंद करायची वेळच ह्या माणसावर कधी आली नव्हती. संयोगिता बघत राहिली. शिंकू दे. मी काय राजेश्वरी आहे? तिनं करायचं ते मी कशाला करू? कासेगाव गेलं. नेर्ले गेलं. शिंका येतच होत्या, डोळे लाल झाले होते, आणि हा बाबा रस्त्यावर नजर ठेवून मुकाट्यानं गाडी हाकत होता. तिला त्याचा राग आला, आपलाही आला, आणि रागातच एक गोष्ट लख्ख दिसली. राजेश्वरी बंद करायची ती डावीकडची. उजवीकडची तिच्या स्वतःच्या तोंडावर असायची. ती तिची होती. ती तिनं कधी बंद केली असणंच शक्य नाही.

तिनं हात लांब केला आणि उजवीकडच्या जाळीचं चाक खाली ओढलं. ते जड गेलं, आत धूळ धरलेली होती. टक् झालं. त्याच्या तोंडावरचं वारं थांबलं, आणि राजेश्वरीचंही. तिला बरं वाटलं, निर्लज्जासारखं बरं वाटलं.

वीरधवल त्या जाळीकडं बघत म्हणाला, “ही कधी कुणी बंद केली नव्हती.”

“आता केली,” संयोगिता म्हणाली. तिनं आपली जाळी आणखी जरा तोंडावर वळवून घेतली.